गावातील घराचा बोगदा: कॅरिअर नॅटच्या मागे असलेल्या यंत्रापर्यंत पोहोचताना

वरूड तालुक्यातील आमच्या घरी, ओसरीच्या कोपऱ्यातील एका जाळीदार लाकडी पेटीत, एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक; पुढे नुसता ‘पाय’) गेल्या काही हंगामांपासून काम करीत आहे. संत्र्याच्या बगीच्यातील मातीचा ओलावा आणि विहिरीतील पाण्याची पातळी यांच्या नोंदी तो ठेवतो, आणि अंगण व गोठा यांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रणही त्याच्या डिस्कवर साठते. वावर घरापासून दूर असल्याने तेथील सेन्सर लोरा रेडिओने माहिती पाठवतात. त्यासाठीचा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरता येतो. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. आंबिया बहारासाठी झाडे ताणावर सोडलेली असतात तेव्हा ओलावा कुठवर उतरला आणि पाणी केव्हा सुरू करायचे, याविषयी बाबांशी फोनवर बोलताना त्यांच्यासमोर जे आकडे आहेत तेच माझ्यासमोरही असावेत, एवढीच माझी गरज होती. त्यासाठी केलेली मांडणी मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या विषयावरील बहुतेक लेखन वीज क्वचितच जाणाऱ्या शहरी घराला धरून केलेले असते. बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी दोन यंत्रांमधील बंदिस्त खासगी जोडणी, उभारणे हे काम फारसे अवघड नाही. वीज गेली, परत आली, फायबर तुटले, जोडले गेले, आणि घरात संगणक जाणणारे कोणी नसतानाही तो पुन्हा आपोआप उभा राहिला पाहिजे, ही खरी कसोटी आहे.

घरातील यंत्रापर्यंत बाहेरून पोहोचण्याचा नेहमी सांगितला जाणारा मार्ग म्हणजे राऊटरवर एक पोर्ट, म्हणजे जोडणीसाठीचे क्रमांकित दार, उघडून ते आतील यंत्राकडे वळवणे. आमच्या घरी तो मार्ग उपलब्धच नाही. आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक पातळीवर पत्त्यांचे वाटप पाहणाऱ्या आयानाकडील मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, आणि आमच्यासारख्या गावांत घरोघरी इंटरनेट आले ते त्यानंतर. त्यामुळे सेवादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायला लावतात आणि प्रत्येक घराला आपल्या अंतर्गत जाळ्यातील पत्ता देतात. याच व्यवस्थेला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात, आणि तिच्यासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने राखून ठेवला. वाड्यातील आपल्या खोलीचे दार सताड उघडे ठेवले, तरी वाड्याचा दिंडी दरवाजा दुसऱ्याच्या ताब्यात आणि बंद असेल तर पाहुणा आत येऊ शकत नाही. राऊटरवरील पोर्ट फॉरवर्डिंगची येथे नेमकी तीच गत होते.

आपण या व्यवस्थेच्या मागे आहोत की नाही, हे ओळखणे सोपे आहे. राऊटरच्या स्थितीदर्शक पानावर वॅन पत्ता (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) म्हणून दिसणारा आकडा आणि आपला सार्वजनिक पत्ता सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा आकडा ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, पहिला १०० ने सुरू होत असेल आणि त्यातील दुसरी संख्या ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर निष्कर्ष स्पष्ट आहे. काही लहान सेवादार १० ने सुरू होणारा खासगी पत्ता देतात, परिणाम तोच. स्थिर सार्वजनिक पत्ता काही ठिकाणी जादा पैसे भरून मिळतो, परंतु आमच्या गावापर्यंत फायबर ओढणाऱ्या स्थानिक केबलवाल्याकडे तो विकतही मिळत नव्हता. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत टंचाई नाही आणि भारतातील मोबाइल नेटवर्कांवर तो मोठ्या प्रमाणावर चालतो, हे खरे आहे. तथापि बाहेरून येणारी जोडणी वाटेतील फायरवॉलवर अनेकदा अडवली जाते आणि मी ज्या जाळ्यातून जोडतो तेथे आयपीव्ही६ असेलच असे नाही, म्हणून त्या भरवशावर मी राहिलो नाही.

पोर्ट उघडता आले असते, तरीही मी ते उघडले नसते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) आणि राऊटर ताब्यात घेतले, तेही कोणतीही अवघड युक्ती न लढवता, केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड टेलनेट या दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धतीवर एकामागून एक लावून पाहून. त्याच यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या डीएनएस सेवेवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेवर, मारा केला आणि अमेरिकेच्या मोठ्या भागात अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. तालुक्याच्या बाजारातून आणलेला डीव्हीआर बसवून देणारा माणूस त्याचा पासवर्ड बदलून देतोच असे नाही, आणि त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरला पुढे कधी सुधारणा मिळतील याचीही खात्री नसते. असे यंत्र सार्वजनिक पत्त्यावर उघडे ठेवणे मला कोणत्याही सबबीखाली मान्य नाही.

उपाय दिशा उलटी करण्यात आहे. घरातून बाहेर जाणारी जोडणी नॅट अडवत नाही. उलट ती नोंदवून ठेवते आणि तिच्यावरून परत येणारे पॅकेट (माहितीचा तुकडा) बिनतक्रार आत सोडते. म्हणून सार्वजनिक पत्ता असलेला एक सर्व्हर बाहेर ठेवायचा, घरातील यंत्राने स्वतःहून त्याच्याशी जोडणी करून ती टिकवायची, आणि आपण कोठूनही त्या सर्व्हरवर जाऊन त्याच जोडणीतून घरात शिरायचे. मुंबईच्या डेटा सेंटरमधील एक अगदी लहान सर्व्हर मी या कामासाठी भाड्याने घेतला आहे. त्याला महिन्याला काहीशे रुपये लागतात, आणि एक गिगाबाइट मेमरी या कामाला पुरून उरते.

मुख्य बोगद्यासाठी मी वायरगार्ड निवडले. जेसन डोननफेल्ड यांनी लिहिलेला, असे बोगदे उभारण्याचा हा प्रोटोकॉल (यंत्रांमधील संवादाचा नियमसंच) मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याचे मूळ कोड केवळ सुमारे ४,००० ओळींचे असल्याने ते तपासणे शक्य आहे, आणि ओळख न पटलेल्या पॅकेटला तो उत्तरच देत नसल्याने पोर्ट चाचपडत फिरणाऱ्यांना तेथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक यंत्राला किल्ल्यांची एक जोडी असते: खासगी किल्ली यंत्राबाहेर जात नाही, सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची असते. माझ्या मांडणीत सर्व्हर, गावातील पाय, माझा लॅपटॉप, माझा फोन आणि अमरावतीत शिकणाऱ्या धाकट्या भावाचा फोन अशा प्रत्येकाला स्वतंत्र जोडी आहे, म्हणजे एखादा फोन हरवला तर सर्व्हरवरील तेवढीच नोंद काढून टाकता येते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: या रचनेत सर्व्हर एका बाजूचे पॅकेट उलगडून दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा बंद करतो, म्हणजे मधल्या टप्प्यावर ते त्याला वाचता येते. म्हणून बोगद्याच्या आतही मी एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) आणि एचटीटीपीएस (सुरक्षित वेबपान) या स्वतःच एन्क्रिप्ट करणाऱ्या पद्धतीच वापरतो.

घरातील बाजूच्या नोंदीत पर्सिस्टंट कीपअलाइव्ह ही सेटिंग २५ सेकंदांवर ठेवणे अत्यावश्यक आहे. यूडीपीची (वायरगार्ड वापरतो त्या, आधी जोडणी न बांधता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीची) नोंद नॅट फार काळ धरून ठेवत नाही. काही ठिकाणी ती अर्ध्या मिनिटातच पुसली जाते, आणि एकदा पुसली गेली की बाहेरून घरात शिरण्याची वाट बंद होते. दर २५ सेकंदांनी जाणाऱ्या या छोट्या पॅकेटांचा दिवसभराचा खर्च सुमारे २०० किलोबाइट इतकाच येतो, त्यामुळे सिम कार्डाच्या मर्यादित डेटावरही तो जड जात नाही. सर्व्हरचा पत्ता नावाने न देता आकड्यांत द्यावा, कारण वायरगार्ड सुरू होताना ते नाव एकदाच सोडवले जाते आणि वीज नुकतीच आलेली असताना डीएनएस तयार असेलच असे नाही.

आता घड्याळाचा प्रश्न, ज्याचा उल्लेख मला फारसा कोठे आढळला नाही आणि जो आमच्याकडे सर्वांत महत्त्वाचा आहे. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज गेली की वेळ जाते, आणि परत सुरू झाल्यावर बोर्ड शेवटची साठवलेली वेळ घेऊन उठतो. वायरगार्डच्या प्रत्येक नव्या हस्तांदोलनात, म्हणजे दोन यंत्रे किल्ल्यांवरून एकमेकांची ओळख पटवतात तेव्हा, वेळेची मोहोर असते. जुने पॅकेट पुन्हा पाठवून कोणी फसवू नये म्हणून सर्व्हर त्या किल्लीकडून आलेली सर्वांत अलीकडची मोहोर लक्षात ठेवतो आणि तिच्यापेक्षा मागची मोहोर घेऊन आलेली मागणी निमूटपणे टाकून देतो. म्हणजे घरातील यंत्राचे घड्याळ मागे पडले असेल, तर इंटरनेट चालू असूनही बोगदा उभा राहत नाही आणि कोठे काही चूकही दिसत नाही. एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने) वेळ जुळताच अडथळा दूर होतो, परंतु घरातील यंत्राची सगळी वाहतूक बोगद्यातून वळवलेली असेल तर एनटीपीची विचारणाही त्याच बंद बोगद्याकडे जाते, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींची वाट पाहत राहतात. म्हणून घरच्या बाजूला अलाउड आयपीज या, कोणत्या पत्त्यांची वाहतूक बोगद्यातून जावी हे ठरवणाऱ्या, यादीत बोगद्यातील मोजकेच पत्ते ठेवावेत. सर्व पत्ते व्यापणारी नोंद तेथे देऊ नये. शिवाय मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून ओव्हरले फाइल सिस्टीम (कार्डावर काही न लिहिता बदल तात्पुरते मेमरीत ठेवण्याची सोय) चालू केली असेल, तर वेळ साठवून ठेवण्याची सोयही निकामी होते आणि प्रत्येक वेळी यंत्र त्याच जुन्या तारखेला जागे होते. डीएस३२३१ चे छोटे घड्याळ मॉड्यूल नाण्यासारख्या सेलसह बसवले की हा सगळा पेच सुटतो, आणि ते काहीशे रुपयांत मिळते.

लॉगिन होते, पण कॅमेऱ्याचे चित्र किंवा मोठे पान अर्ध्यावर अडकते, असे दिसले तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार (बाइटमध्ये), तपासावा. वायरगार्ड साधारणपणे १४२० धरतो; आमच्या मार्गावर १२८० केल्यावर सर्व सुरळीत झाले.

वायरगार्ड यूडीपीवर चालतो आणि काही जाळी यूडीपी अडवतात, म्हणून एसएसएचचा उलटा बोगदा मी राखीव ठेवला आहे. टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात एसएसएच तयार केले ते तेथील जाळ्यात पासवर्ड चोरीला गेल्यानंतर. आज आपण बहुधा वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून आले. घरातील यंत्र सर्व्हरशी एसएसएचने जोडते आणि त्याला सांगते की तुझ्याकडील २२२२ या पोर्टवर आलेली जोडणी माझ्या २२ या पोर्टकडे पाठव. हे पोर्ट मूळ सेटिंगनुसार सर्व्हरच्या अंतर्गत पत्त्यावरच ऐकते, बाहेरच्या जगाला ते दिसत नाही, आणि ते तसेच राहू द्यावे. ते बाहेर खुले करणारी गेटवे पोर्ट्स ही सेटिंग चालू करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो, तो मानू नये. सर्व्हरवरील या खात्याला शेल (आज्ञा चालवण्याची सोय) देऊ नये, आणि किल्लीच्या नोंदीपुढे अशी बंधने घालावीत की तिच्या बळावर तेवढे एक पोर्ट उघडण्यापलीकडे काहीच करता येणार नाही. गावातील घरातून यंत्र चोरीला गेले, तर कार्डावरील ती किल्ली घेऊन कोणी सर्व्हरचा ताबा मिळवू नये, यासाठी ही काळजी आहे.

राखीव बोगद्यातील खरी मेख वेगळीच आहे. घरची वीज अचानक गेली की सर्व्हरला ते कळत नाही. त्याच्या लेखी जुनी जोडणी जिवंत असते आणि २२२२ तिने अडवून ठेवलेले असते. वीज येते, पाय पुन्हा जोडतो, लॉगिन यशस्वी होते, पण पोर्ट मिळत नाही, आणि आत काहीच वाहत नसलेला बोगदा वरकरणी धडधाकट दिसत राहतो. यावर घरच्या बाजूला एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर ही सेटिंग चालू ठेवावी, म्हणजे पोर्ट न मिळाल्यास जोडणी स्वतःच तुटून नव्याने प्रयत्न करील, आणि दोन्ही बाजूंना दर ३० सेकंदांनी जिवंतपणाची विचारणा लावून तीन वेळा उत्तर न आल्यास जोडणी सोडून द्यावी. हा प्रोग्राम सिस्टमडीकडून (लिनक्समधील सेवा सुरू करून चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेकडून) चालवताना केवळ पुन्हा सुरू कर एवढे सांगून भागत नाही. सिस्टमडी मूळ सेटिंगनुसार सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा प्रयत्न करते, आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न फसले की कायमचा नाद सोडते. वीज आल्यावर राऊटर तयार होण्याआधीच पाय तयार झालेला असतो, म्हणजे हे पाच प्रयत्न हमखास वाया जातात. दोन प्रयत्नांत ३० सेकंदांचे अंतर ठेवले आणि प्रयत्नांच्या संख्येवरील मर्यादा शून्य करून उठवली, की फायबर तीन दिवसांनी जोडले गेले तरी बोगदा परत येतो.

हे सर्व स्वतः सांभाळण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनी टेलस्केल हे तयार साधन वापरावे, असे मी मनापासून सांगेन. तेही वायरगार्डवरच उभे आहे, दोन्ही बाजू नॅटच्या मागे असल्या तरी त्यांची थेट गाठ घालून देण्याचा प्रयत्न करते आणि ते न जमल्यास आपल्या मध्यस्थ सर्व्हरांतून वाहतूक नेते. घरगुती वापराला ते विनामूल्य आहे. क्लाउडफ्लेअर कंपनीचे टनेल हे एखादे पान सार्वजनिक करण्यासाठी चांगले आहे, मात्र त्याद्वारे पान उघडताना एन्क्रिप्शन त्या कंपनीच्या सर्व्हरवर उलगडते, म्हणून घराच्या अंगणातील चित्रण मी त्यातून नेणार नाही. स्वतःचा सर्व्हर ठेवण्यामागे माझा हेतू एवढाच की कोणाला आत येऊ द्यायचे, याचा निर्णय कोणत्याही कंपनीच्या खात्यावर अवलंबून नसावा.

विजेची बाजू बोगद्याइतकीच महत्त्वाची आहे. फायबरचे ओएनयू (घरातील फायबर जोडणीची पेटी) आणि राऊटर यांना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की लहानसहान खंडिततेत जोडणी तुटतच नाही. पायचे मूळ कार्ड केवळ वाचनीय ठेवले आहे आणि चित्रण व नोंदी वेगळ्या एसएसडीवर जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्या काळात बंद पत्र्याच्या पेटीत हे यंत्र ठेवू नये. प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेला की पाय आपली गती कमी करतो. मृगाच्या आधीच्या वळवात विजा पडतात, तेव्हा फायबरमधून धोका येत नाही, तर अंगणातील कॅमेऱ्यापर्यंत गेलेल्या तांब्याच्या तारेतून येतो. तेथे सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग हवे. रस्त्याच्या कडेला जेसीबीने चर खोदताना फायबर तुटते, आणि दुरुस्तीला दिवस लागतात. त्यासाठी सिम कार्डाचे एक डोंगल दुसरी वाट म्हणून जोडलेले आहे. जोडणी घरातूनच सुरू होत असल्याने वाट बदलली तरी सर्व्हरवर काहीही बदलावे लागत नाही. पुढचे अधिकृत पॅकेट ज्या पत्त्यावरून येईल, तोच वायरगार्ड नवा पत्ता मानतो.

घरातील माणसांना या सगळ्याची फक्त एक खूण दिसते. बोगदा चालू असताना वायरगार्ड साधारण दोन मिनिटांनी हस्तांदोलन करतो. शेवटचे हस्तांदोलन तीन मिनिटांपेक्षा जुने झाले की पेटीवरचा हिरवा दिवा विझतो, अशी सोय मी केली आहे. "बाबा, पेटीवरचा हिरवा दिवा लागला आहे का?" एवढे विचारले, की "लाईन आत्ताच आली, लागेल आता," असे उत्तर येते आणि मला समजायचे ते समजते. बाबांना स्वतःला बोगद्याची गरज नाही. ओलाव्याचे पान घरच्या वाय-फायवर इंटरनेट नसतानाही उघडते, आणि ते तसेच उघडले पाहिजे, कारण बगीचा त्यांच्या हातात आहे.

दुरून जाळ्याच्या सेटिंगमध्ये बदल करायचा असेल, तर आधी दहा मिनिटांनी जुनी सेटिंग परत आणणारा टायमर लावावा, मग बदल करावा, आणि पुन्हा आत शिरता आले तरच तो टायमर रद्द करावा. गाव सोडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, फक्त राऊटर बंद करून, फायबर काढून आणि पायची वीज एकदम ओढून, अशा चारही रीतींनी परीक्षा घ्यावी, आणि ती घरच्या वाय-फायवरून न घेता मोबाइलच्या डेटावरून घ्यावी.

या बोगद्यातून विहिरीवरील मोटार चालू करता येईल काय, असे अनेकांनी विचारले. तांत्रिकदृष्ट्या येईल; रिले (विजेच्या इशाऱ्याने चालणारा स्विच) जोडला की काम झाले. मी ते जोडलेले नाही. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री येते. त्या वेळी विहिरीत कोणी उतरलेले आहे, स्टार्टरची पेटी उघडून कोणी वायर पाहत आहे, की पाईपचा जोड सुटलेला आहे, हे पुण्यातून पडद्यावर कळत नाही, आणि कॅमेरा जे दाखवतो ते काही सेकंद जुने असते. म्हणून पायवरील फायरवॉलमध्ये बोगद्याच्या बाजूने माझ्या किल्लीला एसएसएच आणि नोंदींचे पान, तर भावाच्या किल्लीला केवळ नोंदींचे पान एवढेच खुले आहे. मोटारीचे बटण वावरातच आहे, आणि ते दाबणारा माणूस विहिरीजवळ उभा असतो.